पायाआधी कातडीला विचारा

पत्र: "मी ४६ वर्षांचा आहे. चौदा महिन्यांपूर्वी अपघातानंतर माझा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. गेले आठ महिने कृत्रिम पाय वापरतो. घरात, ऑफिसात व्यवस्थित चालतो. अपघाताआधी आठवड्यातून चार दिवस बॅडमिंटन खेळायचो. तीन महिन्यांपूर्वी मुलानं मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं आणि मी इरेला पेटलो. नवे स्पोर्ट्स शूज घेतले, रोज दहा हजार पावलं सुरू केली. पाचव्या दिवशी स्टम्पवर, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकावर, फोड आला, फुटला, आणि पुढचे सोळा दिवस पाय घालता आला नाही. तेव्हापासून धास्तीच बसलीय. ऑफिस आणि घर, बास. वजन नऊ किलोनं वाढलं. बायको म्हणते, 'जिवावरचं पायावर निभावलं, आता कशाला नसता खटाटोप?' मुलगा ब्लेड लावून धावणाऱ्यांचे व्हिडिओ पाठवतो. शनिवारी जुने मित्र खेळतात तिथं जाऊन बाकावर बसतो, स्कोअर सांगतो. मला परत खेळता येईल, की हे असंच? — बाकावरचा खेळाडू"

नमस्कार, बाकावरचे खेळाडू.

आधी उत्तर देऊन टाकतो, मग बाकीचं बोलू. खेळता येईल. पूर्वीसारखं सगळं कोर्ट पालथं घालता येईल का, हे आज मी सांगणार नाही, आणि दुसऱ्या कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याचंही ऐकू नका. पण बाकावरून उठून रॅकेट हातात घ्यायला तुम्हाला काही आडकाठी दिसत नाही. माझा उजवा पाय गुडघ्याखालून जाऊन आता १९ वर्षं झाली. तुमच्या पत्रातला तो फोड मी चांगला ओळखतो. माझा बहुधा त्याचा थोरला भाऊ असेल.

त्या पाच दिवसांचा आधी पंचनामा करू, कारण तुमची सगळी धास्ती तिथून आलीय.

पहिला आरोपी, दहा हजार हा आकडा. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं. नाव 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मोजमाप. नाव खपलं, आकडा लोकांच्या डोक्यात बसला आणि हळूहळू जगभरच्या मनगटांवर चढला. तो काढताना कुणी तुमचा-माझा स्टम्प तपासला नव्हता. शिवाय तुमचं पाऊल आणि मुलाचं पाऊल एका भावाचं नाही. तेवढंच अंतर चालायला गुडघ्याखालून पाय गेलेल्याला ढोबळमानानं पाव हिस्सा जास्त शक्ती लागते. मांडीतून पाय गेला असेल तर हा जादा खर्च निम्म्याहूनही वर जातो. म्हणून तर आपण सगळे नकळत हळू चालतो. शरीर आपला हिशेब आपल्याला न विचारता ठेवतं, घड्याळाला मात्र त्यातलं काही कळत नाही.

आणि हे झालं फक्त दमाबद्दल. खरा प्रश्न कातडीचा. तळपायाची कातडी वजन पेलण्यासाठीच घडलेली असते, जाड, खाली चरबीची गादी. आता मनगटाच्या आतल्या बाजूवर बोट फिरवून बघा. नडगीवरची, गुडघ्यामागची कातडी जवळपास या जातीची. तिला आपण टणक सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या स्टम्प बसवायच्या खोबणीत, घालतो आणि सांगतो, उद्यापासून सगळं वजन तुझ्यावर. ती पेलते, पण शिकत शिकत पेलते. तुम्ही तिला पाच दिवसांत पदवी परीक्षेला बसवलंत.

दुसरा संशयित तुमचे ते नवे शूज. कृत्रिम पाय जुळवताना तुमच्या पायातल्या बुटाच्या टाचेची उंची धरून जुळवलेला असतो. खऱ्या पायाचा घोटा टाच उंच-सखल झाली की स्वतःला सावरून घेतो. आपल्या पायांच्या बहुतेक घोट्यांना ते जमत नाही. टाच जास्त उंच झाली की सगळा पाय पुढं कलतो, गुडघा वाकायला बघतो आणि सॉकेटची कड भलत्याच जागी रुतते. टाच कमी झाली तर उलटं, गुडघा मागं ढकलला जातो, सपाटीवर चालतानाही चढ चढतोय असं वाटतं. मी एकदा असेच जाड टाचेचे, दिसायला झकास बूट घेतले आणि महिनाभर पाय बनवणाऱ्याला फोनवर शिव्या घातल्या. शेवटी त्यानं टेबलावर जुना बूट आणि नवा बूट शेजारी ठेवले, टाचांना पट्टी लावली आणि काही न बोलता माझ्याकडं बघितलं. फरक दीड सेंटिमीटरचा होता. तुम्हीही जुने आणि नवे बूट तसेच ठेवून बघा.

तिसरा संशयित सॉकेट, आणि माझा जास्त रोख याच्यावर आहे. पाय गेल्यावर पहिल्या वर्ष-दीड वर्षात स्टम्प आटत राहतो. सूज उतरते, न वापरलेले स्नायू बारीक होतात. सॉकेट मात्र आठ महिन्यांपूर्वी होतं तसंच राहतं. स्टम्पमध्ये दिवसभरातही फरक पडतो. सकाळी घट्ट बसलेला पाय दुपारी ढिला लागतो, आणि तुम्ही तर तासन्‌तास चाललात. ढिल्या सॉकेटमध्ये प्रत्येक पावलाला स्टम्प पिस्टनसारखा वरखाली होतो. हजारो वेळा घासल्यावर फोड येणारच. पाय आखूड झाल्यासारखा वाटणं, टोकाशी टोचणं, गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेवर दाब येणं, ही आत जास्त खोल बुडाल्याची लक्षणं. अशा वेळी थांबायचं, पाय काढायचा, स्टम्पवर एक मोजा वाढवायचा. याउलट पाय पूर्ण आत बसतच नाही, लांब झाल्यासारखा वाटतो, असं असेल तर मोजे जास्त झाले. तुमच्याकडं पातळ-जाड मोज्यांचा संच दिलेला असेलच. माझा अंदाज असा की तो कपाटात घडी घालून नीट ठेवलेला आहे. तो आता खिशात राहू द्या. मी एक पातळ, एक मध्यम आणि एक छोटा टॉवेल असं पुडकं बरोबर घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

आता वजन नऊ किलोनं वाढलंय म्हणजे सॉकेटचा हिशेब पुन्हा बदललाय. म्हणून व्यायामाचं कुठलंही वेळापत्रक आखायच्या आधी पाय बनवणाऱ्या तज्ज्ञाकडं जा. जाताना ते नवे शूज घालून जा, फोड कुठं आला होता ती जागा पेनानं खूण करून दाखवा. 'पाय दुखतो' या तक्रारीवर तो बिचारा काय करणार? 'वाटीच्या खाली, आतल्या बाजूला, अर्ध्या तासानंतर' असं सांगितलंत तर तो सॉकेट तिथं घासून, गादी लावून देऊ शकतो, नाहीतर नवं करायची वेळ आलीय हे सांगू शकतो. वजन उतरायला लागलं की पुन्हा ढिलं होईल, तेव्हा पुन्हा जायचं. यात लाजायचं काही नाही. तुमच्या रॅकेटची तार ढिली झाल्यावर नाही का जात होता?

चालणं परत सुरू करताना पावलं मोजू नका, मिनिटं मोजा. दहा मिनिटं चाला. मग बसा, पाय काढा, लायनर (स्टम्पवर चढवायचं मऊ आवरण) काढा आणि हातातला छोटा आरसा फिरवत स्टम्प सगळ्या बाजूंनी बघा. खालची बाजू आणि मागची घडी आरशाशिवाय दिसत नाही, आणि भानगडी नेमक्या तिथंच होतात. सगळीकडं सारखा गुलाबीपणा आलाय आणि दहा मिनिटांत ओसरला, तर ठीक. रुपयाएवढा लाल डाग एकाच जागी, दहा-पंधरा मिनिटांनी तसाच, दाबल्यावर हुळहुळतोय, तर आजचं चालणं संपलं, आणि उद्या तिथंच डाग आला तर तज्ज्ञाला फोन. कातडीनं तीन-चार दिवस तक्रार केली नाही तर दोन-तीन मिनिटं वाढवा. हा वेग तुम्हाला अपमानास्पद वाटेल. मला वाटला होता. पण दहाची तीस मिनिटं व्हायला दोनेक महिने लागले, तरी त्या दोन महिन्यांत पाय एकदाही काढून ठेवावा लागला नाही, हे तुमच्या मागच्या प्रयोगापेक्षा बरंच म्हणायचं.

घामाबद्दल एक. सिलिकॉनच्या लायनरमध्ये घाम जाणार कुठं? तो आतच साठतो आणि त्यावर स्टम्प निसटायला लागतो. मी एकदा खेळून झाल्यावर लायनर उलटा केला तर चमचाभर पाणी जमिनीवर पडलं. म्हणून वीस-पंचवीस मिनिटांनी थांबून दोन्ही कोरडे पुसायचे, मग पुढं. लायनर रोज सौम्य, बिनवासाच्या साबणानं धुवायचा. स्टम्प मात्र रात्री धुवा. सकाळी पाय घालायच्या तोंडावर धुतलेली ओली कातडी मऊ पडते आणि लगेच घासते. आणि कातडी सोलवटली, चिघळली, पू दिसला, तर पाय बाजूला आणि डॉक्टरांकडं. पट्टी लावून वर पाय चढवायचा उद्योग करू नका.

आता मला ज्याच्याबद्दल बोलायचं होतं ते. ते सोळा दिवस.

तुम्ही लिहिलंय, पाय घालता आला नाही. पत्रात पुढं काही नाही, त्यावरून मी समजतो की ते सोळा दिवस तुम्ही पलंगावर आणि खुर्चीत काढलेत. आपल्यापैकी जवळजवळ सगळे ही चूक करतात. पाय घालता येत नाही म्हणजे हलता येत नाही असं धरून चालतात. हृदयाला, फुप्फुसाला, खांद्यांना, खुब्याला तुम्ही पाय घातलाय की नाही याच्याशी काय देणंघेणं? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली हालचालीबद्दलच्या सूचना काढल्या. त्यात अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठीही तेच माप आहे जे इतरांसाठी, आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम. ती १५० मिनिटं चालूनच भरा असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. मध्यम दम म्हणजे काय, तर बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका.

तेव्हा आठवड्याचा निम्मा व्यायाम पाय काढून करायचा, पाय ठणठणीत असतानासुद्धा. मग पुढं कधी फोड आला तर गाडी बंद पडत नाही, फक्त दुसऱ्या रुळावर जाते.

जमिनीवर चटई टाका. पालथे झोपा, काही करू नका, नुसते पंधरा-वीस मिनिटं पडून राहा, दिवसातून दोनदा. हा मला ठाऊक असलेला सर्वात आळशी आणि सर्वात कामाचा व्यायाम. तुम्ही ऑफिसात आठ तास बसता. बसलेल्या माणसाचा खुबा वाकलेला, गुडघा वाकलेला. दोन पायांचा माणूस उठून चालतो आणि ते सरळ होतं. आपलं चालणं कमी, म्हणून खुब्याच्या पुढचे स्नायू आखडत जातात. एकदा आखडले की पाय मागं जात नाही, मग पाऊल आखूड पडतं, कंबर पुढं झुकते आणि पाठ दुखायला लागते. लोक पाठीची औषधं घेत बसतात. झोपताना गुडघ्याखाली उशी घ्यायची सवय असेल तर ती आजपासून सोडा. गोड लागते, पण गुडघा वाकवूनच ठेवते. ऑफिसात पाय काढून बसत असाल तर स्टम्प लोंबू देऊ नका, समोर स्टूलवर सरळ ठेवा.

मग पालथेच असताना स्टम्पकडची मांडी जमिनीपासून वर उचला, गुडघा सरळ ठेवून. वीतभर पुरे. नंतर कुशीवर, चांगला पाय खाली घेऊन, वरची मांडी आकाशाकडं उचला. ही उचलताना पुढं वाकून फसवायचा मोह होतो. खुबा थोडा मागंच ठेवा आणि हळू उतरवा. खुब्याच्या बाहेरचे हे स्नायू कमजोर असले की प्रत्येक पावलाला आपण कृत्रिम पायाच्या बाजूला झुलतो. तुमचा चालतानाचा व्हिडिओ मागून काढायला मुलाला सांगा, खांदा डावीकडं पडतो का ते दिसेल. शेवटी उताणे व्हा, टॉवेलची जाड गुंडाळी करून ती स्टम्पखाली, गुडघ्याच्या जरा वर, मांडीला लागेल अशी ठेवा आणि ती गुंडाळी खाली दाबत कंबर उचला. दहा वेळा केल्यावर कळेल की कुल्ल्यांचे स्नायू किती महिने झोपले होते ते.

दम वाढवायला खुर्चीत बसून हवेत ठोसे मारणं, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन, एक मिनिट जोरात आणि एक मिनिट सावकाश. दिसायला गमतीदार, पण दहा मिनिटांत घाम फुटतो. व्यायामशाळेत हातानं फिरवायचं पॅडल असेल तर उत्तमच. जखम पूर्ण भरली असेल तर पोहणं फार चांगलं, तिथं वजनाचा प्रश्नच नाही. पण पाण्यात कसं पोहू याची काळजी लोक करतात आणि पडतात ते काठावर. रोजचा कृत्रिम पाय बहुधा पाण्यात चालत नाही, म्हणून तो काठाशी काढावा लागतो. खुर्ची अगदी पायऱ्यांजवळ ठेवून घ्या, कुबड्यांचे रबरी बूच झिजलेले नाहीत ना ते बघा, आणि ओल्या फरशीवर लंगडी घालू नका. पाण्यात पहिले दोन-चार दिवस शरीर एका बाजूला वळेल, मग जमतं. दक्षिण आफ्रिकेची नताली द्यू त्वा हिचा डावा पाय २००१ मध्ये गेला आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये, पॅरालिंपिकमध्ये नव्हे, ती १० किलोमीटरच्या शर्यतीत कृत्रिम पाय न लावता पोहली. हे प्रेरणेसाठी सांगत नाही, तुमचा मुलगा ते काम करतोच आहे. पाय न घालताही काम भागतं एवढ्यापुरतं सांगितलं.

सायकल आधी व्यायामाची, एका जागी उभी असलेली. पॅडल चवड्याऐवजी कृत्रिम पावलाच्या मध्याखाली घ्या, सीट थोडी उंच ठेवा, नाहीतर गुडघा फार वाकतो आणि लायनरची घडी गुडघ्यामागं चिमटे काढते.

पाय घालून करायचा एक व्यायाम सांगतो, त्याला दोन वजनकाटे लागतात. एक घरात असेल, दुसरा शेजाऱ्याकडून आणा. दोन्ही शेजारी ठेवा, एकावर हा पाय, एकावर तो, समोर टेबलाचा आधार. सरळ समोर बघत तुम्हाला वाटेल तेव्हा 'वजन आता सारखं पडलंय' असं म्हणा आणि मग बायकोला आकडे वाचायला सांगा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला अगदी सारखं वाटत होतं आणि खाली होते ४९ आणि २४. म्हणजे वर्षभर मी डाव्या पायावर उभा होतो आणि उजवा नुसता शोभेला होता. रोज पाच मिनिटं वजन इकडून तिकडं सरकवा, आकडे जवळ आणा, मग काही क्षण सगळं कृत्रिम पायावर. बॅडमिंटनचा पाया हाच आहे, कारण ज्या पायावर तुमचा विश्वास नाही त्यावरून तुम्ही ढकल घेणार नाही.

आणि यातच तुमच्या उजव्या पायाचंही भलं आहे. वर्षानुवर्षं जादा वजन पेलून त्याचा गुडघा लवकर झिजण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. घरात कुबडी न घेता लंगडी घालत स्वयंपाकघरापर्यंत जाता ना? जात असाल तर बंद करा. तुमचा पाय अपघातात गेलाय, पण हे सदर वाचणाऱ्यांत मधुमेहानं पाय गेलेलेही आहेत. त्यांनी व्यायाम वाढवायच्या आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, दुसऱ्या पायाचा तळवा रोज आरशात बघावा आणि इन्सुलिन घेत असतील तर व्यायामाआधी साखर तपासावी.

आता वहिनींबद्दल. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. त्यांनी तुम्हाला ज्या अवस्थेत पाहिलंय ते तुम्ही स्वतः पाहिलेलं नाही. त्यांची भीती एकाच शब्दाची आहे, पडणं. आणि ती खोटी नाही. आपल्यासारख्यांपैकी जवळपास निम्मे वर्षातून एकदा तरी पडतात. मी सर्वात वाईट पडलो तो व्यायाम करताना नव्हे. रात्री अडीच वाजता, अर्ध्या झोपेत, पाय आहे असं समजून पलंगावरून उतरलो तेव्हा. मेंदू तो पाय विसरायला तयार नसतो. अमेरिकन डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये या नसलेल्या पायाला 'फँटम' हे नाव दिलं, आणि तुमचाही फँटम रात्री खाजत असेल, कधी चमक मारत असेल. व्यायामानं काहींचा कमी होतो, काहींचा त्या रात्रीपुरता वाढतो. झोप मोडण्याइतका असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय आहेत. कुबडी मात्र पलंगाच्या अशा बाजूला ठेवा की तिला हात लागल्याशिवाय उतरताच येणार नाही.

तर वहिनींना एकदा फिजिओथेरपिस्टकडं बरोबर न्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवरून उठून दाखवा. खुर्ची समोर ओढायची, चांगला गुडघा वाकवून पाऊल टेकायचं, हातांनी जोर देऊन वर यायचं. पाय घालून आणि पाय काढून, दोन्ही प्रकारे. पडल्यावर हा माणूस स्वतःचा स्वतः उठतो हे डोळ्यांनी बघितल्यावर घरातला सूर बदलतो. माझ्या घरी बदलला.

मुलाच्या व्हिडिओंचं काय करायचं? बघा आणि सोडून द्या. ते ब्लेड म्हणजे कार्बन फायबरचं वाकवलेलं पातं. व्हॅन फिलिप्स या अमेरिकन माणसाचा स्वतःचा पाय १९७६ मध्ये गेला होता, त्यानं मिळणाऱ्या लाकडी-रबरी पावलांना वैतागून ही कल्पना पुढं आणली. पण त्या पात्याला टाच नसते. त्यावर धावता येतं, स्वस्थ उभं राहणं अवघड, आणि सर्व्हिसची वाट बघत उभं राहायचं तर आणखी अवघड. तुम्हाला ते नकोच आहे. मुलाला सांगा, व्हिडिओ बंद, त्याऐवजी रोज वीस मिनिटं मला शटल टाक.

कारण बॅडमिंटनची सुरुवात तिथूनच. तीस मिनिटं चालणं कातडीला पचलं आणि वजनकाट्यावर आकडे जवळ आले की उभ्या जागी सुरू करा. सर्व्हिस, मग हातापुरते ड्रॉप, मग एक पाऊल पुढं आणि मागं. उजव्या हातानं खेळत असाल तर नशीब बरं आहे. नेटपाशी झेपावताना उजवा पाय पुढं पडतो, तो तुमचा सख्खा. अडचण येईल ती डाव्या मागच्या कोपऱ्यात. तिथं डोक्यावरून फटका मारून हवेत वळल्यावर आधी डावा पाय टेकतो, आणि तुमचा डावा म्हणजे सॉकेट. ती उडी विसरा. त्या कोपऱ्यातलं शटल पाठ फिरवून बॅकहँडनं काढा, नाहीतर सरळ जाऊ द्या. दुसरी सवय मोडायची ती एका पायावर गर्रकन वळायची. पाऊल जमिनीला चिकटलेलं आणि शरीर फिरलं की पीळ पडतो कातडीला. छोटी छोटी पावलं टाकत वळा. मित्रांना सांगा की डबल्समध्ये तुम्ही पुढं, ते मागं. आणि एकेरी खेळायचं तर अर्धं कोर्ट घ्या. ही काही तुमच्यावर केलेली मेहरबानी नाही. पॅरा-बॅडमिंटनमध्ये उभ्यानं खेळणाऱ्यांच्या एसएल-३ गटाची एकेरी अर्ध्या कोर्टावरच होते. मानसी जोशी मांडीतून पाय गेल्यानंतर त्याच गटात २०१९ मध्ये जगज्जेती झाली. अर्ध्या कोर्टावर खेळ लांब आणि कपटी होतो, तुमच्या मित्रांना जड जाईल.

पहिल्या शनिवारी खेळू नका. घरून निघताना मोजे, टॉवेल आणि आरसा घ्या, बाकावर नेहमीसारखे बसा, आणि त्यांचा पहिला गेम संपल्यावर दहा मिनिटं नेटपाशी उभे राहून शटल मारा. मग परत बाकावर या, सगळ्यांसमोर पाय काढा, आरसा फिरवा. डाग कुठं उठला आणि किती मिनिटांनी ओसरला ते मला लिहून कळवा.